वाढत्या मापाचं नको

आमच्या घरात लहान मुलांसाठी काहीही घ्यायचं तर वाढत्या अंगाचं घ्यायची रीत आहे. युनिफॉर्म शिवायला टाकला की शिंपीकाकांना सांगायचं, दोन बोटं कापड आत मुडपून ठेवा, पुढच्या वर्षी सोडता येईल. शाळेचे बूट एक नंबर मोठे, पुढे कापसाचा बोळा. सायकल आणली तर सीट पार खाली बसवून. मी अशीच वाढले, माझी लेकही अशीच वाढतेय, आणि त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्टीला बूट अडकवणारा खटका, निवडताना मात्र ही सवय मला सोडावी लागली. त्यात जवळजवळ दोन वर्षं गेली.

पहिल्यांदा आम्ही गुलमर्गला गेलो तो फेब्रुवारी होता. लेक तेव्हा नऊ वर्षांची, वजन २४ किलो. पाऊस तिने जन्मापासून बघितलेला, बर्फ पहिल्यांदाच. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिला उतारावरून परत आणणं मुश्कील झालं, इतकी ती रमली. सामान भाड्याचं होतं. तिच्या मापाचे बूट दुकानात शिल्लक नव्हते म्हणून दुकानदाराने मोठे काढले, आणि मीच म्हटलं, "चालतील, दोन मोजे घालते." त्याने बूट स्कीवर ठेवला, बाइंडिंगचा मागचा तुकडा सरकवला, स्क्रू ड्रायव्हरने चार आटे फिरवले आणि स्की हातात दिली. वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पडली. जोरात नाही, जवळजवळ उभ्या उभ्याच. एका स्कीचं टोक मऊ बर्फात रुतलं, अंग एकीकडे फिरलं, स्की होती तिथेच राहिली आणि बूट सुटला नाही. तिचा पाय पिळला जाताना मी दहा-पंधरा फुटांवरून बघत होते. शिकवणाऱ्या मुलाने धावत जाऊन काठीने मागची पट्टी दाबली तेव्हा कुठे पाय मोकळा झाला. हाड शाबूत होतं. तीन आठवडे क्रेप बँडेज आणि घरात बसून कॅरम, एवढ्यावर निभावलं. आणि त्या तीन आठवड्यांत तिने रोज विचारलं, "आई, पुढच्या वेळी परत जायचं ना?"

एका दुपारी मी सहलीचे फोटो चाळत होते. पडण्याच्या दिवशी सकाळी काढलेल्या एका फोटोत तिचे पाय अगदी जवळून आले होते. मोठा करून बघितला. बाइंडिंगच्या पुढच्या तुकड्यावर एक इवलीशी खिडकी, आत आकड्यांची पट्टी, आणि खूण साडेतीनवर. तो फोटो मी म्युनिकला दादाला पाठवला. दादा तिथे वीस वर्षं आहे, त्याची दोन्ही मुलं स्कीवरच मोठी झाली. तासाभरात त्याचा फोन.

"अगं, तिचा आकडा दीडच्या आसपास हवा होता. हा दुपटीहून जास्त आहे."

"पण घट्ट असलेलं बरं ना? मध्येच सुटलं तर?"

"बाइंडिंग पाय धरायला असतं तसंच सोडायलाही असतं. लहान मुलाच्या बाबतीत सोडणं आधी बघायचं."

त्या रात्री त्याने मला सगळं पहिल्यापासून समजावलं. पुढचा तुकडा बुटाचा चवडा धरतो आणि पाय पिळला गेला की आडवा उघडतो. मागचा तुकडा टाच धरतो आणि अंग पुढे झेपावलं की वर उघडतो. दोन्हींच्या पोटात स्प्रिंग असते, आणि ती किती दाबलेली आहे ते खिडकीतला आकडा सांगतो. याला डिन आकडा म्हणतात, जर्मन मानक संस्थेच्या आद्याक्षरांवरून. पूर्वी असं काही नव्हतं, पाय पट्ट्यांनी आणि तारेच्या दोरांनी स्कीला जखडून टाकत. यालमार व्हाम नावाचा नॉर्वेत जन्मलेला स्कीपटू अमेरिकेत ओरेगनला स्थायिक झाला होता. १९३७ साली त्याचा पाय मोडला आणि दवाखान्यात पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना आली. १९३९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. हे ऐकताना मला लेकीचा पलंगावर उशीवर ठेवलेला पाय दिसत होता. माणसाला हे सुचून ऐंशीवर वर्षं झाली, तरी माझ्या मुलीच्या पायापर्यंत ते पोचलं नव्हतं.

मग ठरलं की परत जायचं तर तिचं स्वतःचं सामान घेऊन जायचं, आणि ते दादाने तिकडून निवडून पाठवायचं. मापं मात्र कोल्हापुरातून जायची. यात जवळजवळ पुढच्या वर्षीचा सगळा पावसाळा गेला. लेक तेव्हा अकरा वर्षांची झाली होती.

डिन आकडा ठरवायला पाच गोष्टी लागतात: वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत. वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर केलं, २९ किलो. उंची दाराच्या चौकटीवर, १३४ सेंटिमीटर. वयाचा नियम मला फार पटला: नऊ वर्षं किंवा त्याहून लहान असेल तर तक्त्यात एक ओळ हलक्या वजनाच्या बाजूला सरकायचं, आणि पन्नाशी गाठली असेल तरी तेच. म्हणजे त्या फेब्रुवारीत तिला वजनाच्या हिशेबापेक्षाही हलका आकडा मिळायला हवा होता.

पावलाच्या मापासाठी मी तिला घेऊन चप्पल लाईनमध्ये गेले. आमच्या घरच्या चपला ज्यांच्याकडे होतात त्या काकांनी तिला पुठ्ठ्यावर उभं केलं, टाच भिंतीला टेकवली आणि दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. उभं करूनच माप घ्यायचं, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं, हे मला दादानेही सांगितलं होतं आणि काकांनी न सांगता केलं.

"डावा एक सूत मोठा हाय बघा," ते म्हणाले. "वाढतं किती ठिवू?"

"काही नको काका, आहे तेवढंच," मी म्हटलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे उत्तर मी त्यांना पहिल्यांदाच दिलं असेन.

डावा पाय २२ सेंटिमीटर भरला. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे सरळ पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, त्यामुळे इंच-नंबरांचा घोळ नाही. काकांनी कापून दिलेले ते दोन पुठ्ठ्याचे पाय आमच्या ओळखीतल्या एका मुलाबरोबर म्युनिकला गेले. दादाने दुकानात बुटाचं आतलं मऊ अस्तर बाहेर काढलं, कडक कवचात पुठ्ठा पुढे टेकवून ठेवला आणि टाचेमागे किती जागा उरते ते मोजलं. दीड ते दोन सेंटिमीटर उरली तर बूट बरोबर. साडेबावीसचा बूट तसा बसला. त्याच्या टाचेजवळ प्लास्टिकमध्येच आकडा उमटवलेला होता, २६५ मिलिमीटर. बाइंडिंगला लागते ती ही लांबी. पायाचं माप बाइंडिंगला कळत नाही, तळव्याचं कळतं.

आता बाइंडिंग. दादाने आधी हंगामापूर्वी भरणाऱ्या जुन्या सामानाच्या बाजारात एक जोडी बघितली, १२० सेंटिमीटरची स्की, बाइंडिंगसकट, दिसायला कोरी. पण दुकानातल्या तंत्रज्ञाने ती जुळवून द्यायला नकार दिला. बाइंडिंग बनवणाऱ्या कंपन्या कुठली मॉडेलं अजून जबाबदारीने तपासून देता येतील त्यांची यादी ठेवतात, आणि हे मॉडेल तिच्यातून निघून गेलं होतं. प्लास्टिक जुनं होतं, स्प्रिंग थकते, बाहेरून काही दिसत नाही. मला ते पैसे वाचावेत असं फार वाटत होतं, तरी तंत्रज्ञाचं बरोबर होतं.

दुसरी सूचना दादाच्या मुलाकडून आली. त्याचं स्वतःचं एक बाइंडिंग पडून होतं, ३ ते १० पट्टीचं. मजबूत, धातूचं, आयुष्यभर टिकेल असं. हे ऐकून मी हरखलेच. पण लेकीला लागणारा आकडा होता २, आणि त्या पट्टीवर दोन हा आकडाच नाही! स्क्रू पूर्ण सैल केला तरी ते तीनच्या खाली येत नाही. शिवाय २९ किलोच्या मुलीला उभं राहून टाच खाली दाबून तो मागचा तुकडा बंदसुद्धा करता आला नसता.

मग उरले दोन पर्याय, दोन्ही मुलांचे आणि दोन्ही नवे. एकाची पट्टी ०.७५ ते ४.५, दुसऱ्याची २ ते ७. किमतीत फारसा फरक नव्हता. मी म्हटलं, सातवालं घे. अकरा वर्षांची पोरगी आहे, झपाट्याने वाढतेय, चार वर्षं बघायला नको. हे बोलताना माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला. युनिफॉर्म शिवायला टाकताना मी याच आवाजात बोलते.

दादा म्हणाला, "दोन हा आकडा त्या पट्टीच्या अगदी कडेला येतो. त्याच्या खाली जायला जागाच नाही. बूट किती जोराने सुटतो ते दुकानातल्या मशिनवर तपासल्यावर कळलं की जरा सैल करायला हवं, तर करणार कसं? साडेचारवाल्यावर दोन बराच आत येतो, दोन्हीकडे सरकायला वाव राहतो."

"आणि दोन वर्षांनी तेच लहान पडलं तर?"

त्यावर त्याने मला तक्ता वाचायला लावला. २६ ते ३० किलो, तळवा २५१ ते २७० मिलिमीटर, सावकाश स्की करणारी मुलगी: आकडा २. आता समज ती ४० किलोची झाली आणि तळवा २८५ झाला. मी मनाशी चार-पाचचा अंदाज बांधला होता. तक्त्यात आला पावणेतीन. सावकाश सोडून ती मधल्या प्रकारात गेली तरी फक्त तीन. म्हणजे जे मला लहान वाटत होतं त्यात तिची पुढची कितीतरी वर्षं मावत होती.

वजन इतकं वाढूनही आकडा एवढासाच का वाढतो, हे मला कळेना. ते समजावलं माझ्या दिरांनी. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, आणि तक्ता मी त्यांना सहज दाखवला होता. त्यांनी बराच वेळ बघितला, एका ओळीवरून बोट आडवं नेलं. "वहिनी, हितं वजन तेच हाय, पण बूट लांब झाला की आकडा कमी व्हालाय." मग बोल्ट पिळायचे दोन पाने काढून ठेवले, एक लहान, एक मोठा. "एक फुटी पान्याला जेवढा जोर लावतो, तेवढाच दीड फुटीला लावला तर बोल्टचा आटा तुटतोय. स्प्रिंग बुटाचं टोक धरती. टोक जेवढं लांब, तेवढा तीच स्प्रिंग पायाला जास्त पीळ देती. हितं बोल्ट म्हंजे पोरीची नडगी. मग स्प्रिंग ढिली ठिवायलाच लागणार की." पोरीचं वजन आकडा वर नेतं आणि वाढणारं पाऊल त्याला खाली ओढतं. त्या फेब्रुवारीत मी मोठे बूट घ्यायला हो म्हटलं होतं तेव्हा नेमकं काय केलं होतं, ते मला त्या दोन पान्यांकडे बघताना उमगलं.

स्की करण्याच्या पद्धतीचा रकाना भरताना माझी आणि दादाची जरा वादावादी झाली. पहिला प्रकार सावकाश आणि जपून जाणाऱ्यांचा, तिसरा वेगाने आणि आक्रमक जाणाऱ्यांचा, दुसरा मधला. मला दुसरा लिहावासा वाटत होता. पोरगी धीट आहे, फुटबॉल खेळते. दादा म्हणाला, तिच्या धिटाईचा हा प्रश्न नाही, ती आज उतारावर कशी जाते ते लिही. मी पहिला लिहिला. आईबापांनी हा रकाना अभिमानाने भरू नये असं मला कळकळीने वाटतं. एक प्रकार वर चढवला की तक्त्यात एक ओळ जड बाजूला सरकते, आणि ती ओळ मुलाच्या नडगीवर पडते.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. लहान मुलांच्या बुटाचा तळवा मोठ्यांच्या बुटापेक्षा बारीक आणि पातळ असतो, त्यामुळे पुढचा तुकडा मुलांच्या तळव्यासाठीच बनवलेला आहे ना ते बघितलं. हल्ली चालायला सोपा, रबरी आणि किंचित गोलसर तळवा येतो, ग्रिपवॉक नावाचा. बूट तसा असेल तर बाइंडिंगही त्याला चालणारं असायलाच हवं. आमचा बूट साधा निघाला. स्की सुटल्यावर उतारावरून एकटी धावू नये म्हणून दोन्ही बाजूंना ब्रेकचे पाय असतात. ते स्कीच्या कमरेपेक्षा थोडेच रुंद हवेत, फार रुंद असले तर बर्फात घासतात. कमर ६८ मिलिमीटर, ब्रेक ७८, ठीक.

बसवण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. मुलांच्या स्कीवर बहुतेक वेळा एक रूळ आधीच बसवलेला असतो आणि बाइंडिंग त्यावर सरकतं, भोकं पाडावी लागत नाहीत. इथे वाढत्या वयाची सोय खरोखर आहे: बूट बदलला की दोन्ही तुकडे नव्या लांबीवर सरकवायचे. पण दोन्ही सरकायला हवेत. नुसता मागचा तुकडा सरकणारा असेल तर बूट मोठा होईल तसा मुलाचा भार मागे मागे जातो आणि वळणं घेणं जड होतं. बूट बसवल्यावर मागच्या तुकड्याचा पुढे रेटा किती आहे ते दाखवणारी एक खूणही असते. ती नेमलेल्या जागेत नसेल तर डिन आकडा कितीही बरोबर असू दे, बाइंडिंग एक तर उगाच सुटेल किंवा सुटणारच नाही. दुकानाने सगळं जुळवून मशिनवर दोन्ही बूट तपासले आणि छापील चिठ्ठी दिली.

दिवाळीत सामान कोल्हापुरात आलं. स्कीचं टोक जिन्यात अडलं तेव्हा गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली. "बर्फ कुठं हाय हितं?" हे शंभरदा ऐकून झालं. लेकीला मी घरात गादीवर बूट अडकवायचा आणि सोडायचा सराव दिला. बूट घालून गच्चीत किंवा फरशीवर चालायला मात्र सक्त मनाई, कारण झिजलेला, खरचटलेला तळवा बाइंडिंगमधून नीट घसरत नाही.

दिरांना चैन पडेना. त्यांनी एक स्की कापडात गुंडाळून वर्कशॉपच्या व्हाईसमध्ये धरली, रिकामा बूट अडकवला, चवड्याला दोरी बांधली आणि बॅगा तोलायच्या काट्याने आडवी ओढली. सात किलोच्या आसपास टक् करून बूट बाहेर. डावीकडे तीन वेळा, उजवीकडे तीन वेळा, मग दुसरी स्की. आकडे एकमेकांशी जुळले. स्क्रूला त्यांनी हात लावला नाही. "चिठ्ठी मशिनची हाय, आपण नुसतं बघायचं," म्हणाले. मी काटा स्वतः ओढून बघितला. सात किलो म्हणजे बाजाराची भरलेली पिशवी. त्या फेब्रुवारीत तिच्या पायावर किती ओढ पडली असेल याचा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला, आणि मग थांबवला.

जानेवारीत आम्ही गुलमर्गला दहा दिवस होतो. पहिल्याच सकाळी उतारावरच्या एका मदतनिसाने खिडकीतला आकडा बघून सांगितलं की हे फार ढिलं आहे, घट्ट करून देतो. लेकीने पाय मागे घेतला आणि हिंदीत ठामपणे म्हणाली, "नहीं, ये मेरे वजन का है." मला काही बोलावं लागलं नाही.

दहा दिवसांत ती बऱ्याचदा पडली, दोनदा जोरात. दोन्ही वेळा स्की सुटली. दुसऱ्या वेळेस तर तिने गिरकीच घेतली. स्की वर राहिली आणि ती खाली बर्फात बसून हसत होती. एकदा मात्र न पडताच, सरळ जाताना सुटली. मी घाबरले, मनात आलं की तो मदतनीस बरोबर होता की काय. शिक्षकाने तिचा बूट उलटा करून दाखवला: तळव्याखाली बर्फाचा दाबून बसलेला थर, त्यामुळे बूट नीट बसलाच नव्हता. त्यानंतर ती दर वेळी काठीने तळवा खरवडायची, मग चवडा आत, मग टाच खाली.

मे महिन्यात दादा आला होता, परत जाताना स्की घेऊन गेला. इथल्या पावसाळ्यात कडा गंजल्या असत्या, आणि हंगामाआधीची मशिनवरची तपासणी तिकडेच होते. या आठवड्यात लेकीचं वजन केलं: ३३. डावा पाय २३ सेंटिमीटर. चप्पल लाईनमधल्या काकांनी नवे पुठ्ठे कापून दिले, या वेळी काही विचारलं नाही. साडेतेवीसचा बूट बघायचाय, तळवा २७५च्या आसपास येईल असं दादा म्हणतो. म्हणजे तक्त्यात एक ओळ पुढे, एक रकाना पुढे, सव्वादोन. तो शनिवारी दुकानात जाणार आहे. पुठ्ठे पोचेपर्यंत बूट घेऊ नको असं त्याला मी आजच कळवलंय.